ब्रेकची खुशाली

पेण, पौष महिना, थंडी बरी आहे

प्रिय वन्सं,

पेणहून वहिनीचा नमस्कार. निलेशरावांना नमस्कार, आणि तुमच्या उजव्या खांद्याला वेगळा नमस्कार, कारण वर्षभर या घरात सगळ्यात जास्त विचारपूस त्याचीच झाली आहे. थंडीत दुखतो का तो? तुमचे बंधू आदेश ठीक आहेत आणि तुमच्या आई ठीकच्याही वर आहेत. पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्ही "नाय" म्हणून ठेवून देता, पत्राला तसं करता येत नाही (चुलीत घालायचं म्हटलं तरी माणूस आधी वाचून बघतो).

गेल्या हिवाळ्यात रोह्याच्या डोंगरशर्यतीत निडीच्या वरच्या उतारावर तुमचा ब्रेक नुसताच ओरडला, लागला नाही, आणि तुम्ही सायकलसकट करवंदीच्या जाळीत गेलात. खांदा सांधला. पण भरवशाचा ब्रेक असल्याशिवाय सायकलवर बसणार नाही, असं तुम्ही म्हणालात ते म्हणालातच. यंदाची शर्यत पुढच्या रविवारी आहे. बारा तास, एक फेरी एकीची, एक दुसरीची, आणि जोडीशिवाय घेत नाहीत. दुसरी जोडीदारीण शोध, असंही तुम्ही सुचवलंत. मी शोधली नाही. मला तुमच्याबरोबरच जायचं आहे, हे एकदाचं लिहून टाकते. बाकी आग्रह काही नाही. ब्रेक उत्तम झाले आहेत एवढंच कळवायला हे पत्र.

उत्तम झाले, पण एका दमात झाले नाहीत. पहाटेच्या दवानं ब्रेकची चकती ओली होते आणि दाबला की किंचाळते. तुमच्या आईंना किंचाळणारी वस्तू खपत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, झोपाळ्याच्या कड्या, सगळ्यांना त्यांनी खोबरेल पाजून गप्प केलेलं आहे. मी अंघोळीला गेले आणि त्यांनी दोन्ही चकत्या तेलानं न्हाऊ घातल्या. मी बाहेर पडले तर सायकल अशी निःशब्द चालली होती, वन्सं, की मला वाटलं आपण धुक्यातून पोहतोच आहोत. कापलेली शेतं, मधूनच एखादा बगळा, वडखळच्या दिशेला नुसतं पांढरं. मी किती वेळ तशीच वाहत गेले कोण जाणे (तुमचे बंधू म्हणतात, हिला लग्नाच्या मांडवातही दोनदा हाक मारावी लागली होती). समोर पेंढ्याची उडवी आली तेव्हा मी ब्रेक दाबला. दाबला गेला, लागला मात्र नाही. उडवीत मऊ वाटलं. पेंढ्याला वास फार छान येतो.

तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड भाजले की तेल उतरतं, असं आदेशनी कुठेतरी ऐकलं होतं. त्याच दिवशी शेतात मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायची, पोपटी लावायची होती. वेगळा जाळ कशाला, म्हणून त्यांनी पॅड पत्र्यात गुंडाळून मडक्यातच सोडले, भांबुर्ड्याच्या पाल्यावर, वालाच्या शेंगांच्या मध्ये, आणि सांगायचं विसरले. मडकं पालथं घातलं, जाळ केला, मी ठिणग्या बघत बसले. मग टेंपोवाल्या महिपतीकाकांनी कोंबडीचा तुकडा समजून पत्रा उलगडला आणि चावले. दात शाबूत आहेत. काका एवढंच म्हणाले की मीठ बरोबर आहे, पण अजून थोडं शिजायला हवं होतं. पॅडना मात्र ओव्याचा वास लागला आणि कोंबडीची चरबीही. ते टाकून दिले. चकत्या स्पिरिटनं पुसल्या आणि नवे पॅड बसवले (कुणी आणले ते आत्ता विचारू नका).

नवे पॅड चकतीवर बसायची एक रीत आहे. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, अगदी थांबायच्या बेतात आलं की सोडून द्यायचा, पुन्हा वेग. मला ही रीत फार आवडली. मी सगळं आयुष्य अशीच जगते, असं तुमच्या बंधूंचं मत आहे. काका मला टेंपोतून निडीला नेतात आणि मी त्याच उतारावर खाली येते, पुन्हा वर जाते. खाली धुक्यात स्टेशन दिसत नाही, नुसती गाडीची शिट्टी वर येते. वालाला उशिराची फुलं आहेत. असं वाटतं, हा उतार संपूच नये. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक फेरीला मला तुम्ही पुढे दिसता, वेणी पाठीवर उडवत, मागे न बघता. मग मला एकटीला पुढे जाववत नाही.

असो. ब्रेक उत्तम आहेत. यायचं की नाही, ते तुम्ही निवांत ठरवा.

तुमची स्वप्नाळू वहिनी,
मनस्वी

ता. क. निवांत म्हणजे फार निवांत नको, कारण जोडीत तुमचं नाव मी आधीच दिलं आहे. आणि वर जिला नुसतं सायकल म्हटलं, ती तुमची आहे. दिवाळीत तुम्ही मला जी दुरुस्तीला गेली म्हणून सांगितलंत, ती इथे आली. निलेशरावांनीच आणून दिली, पॅडही त्यांनीच आणले. त्यांना रागावू नका, मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं. ब्रेकची लिव्हर मी तुमच्या बोटांना पोहोचेल इतकी आत घेतली आहे. मला ती फार जवळ होते, म्हणजे आता ही सायकल माझ्या उपयोगाची नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालणार, एवढ्यात तुमच्या आई म्हणाल्या, मलाही तिथे ने. आज काकांच्या टेंपोतून आल्या आणि तुम्ही पडलात त्या करवंदीपाशी दगडावर जाऊन बसल्या. मला वरून यायला सांगितलं, त्यांच्यासमोर थांबायला सांगितलं. दव होतं, चकती किंचाळली, आणि सायकल त्यांच्या पायांशी थांबली. त्यांनी पुन्हा यायला सांगितलं. पुन्हा थांबली. असं बराच वेळ चाललं. मी विचारलं, आई, आणखी तेल घालणार का? तर पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ती वरडली का मला माझी पोर पडलेली दिसते गो, म्हणून घातला होता तेल. आता वरडू दे तिला. थांबते, ता बरा हाय. प्रणिताला सांग, शर्यतीला मी इथंच बसून ऱ्हाईन."