डोंगराकडे पाठ

सासूबाई,

ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. आता इथलं ऐका. ग्रानादाच्या हॉस्पिटलात जाताना तुम्ही डुकराच्या खारवलेल्या तंगड्या टांगल्यात त्या माळ्याच्या खिडक्या शेजारच्या बेनिग्नोकाकांवर सोपवल्यात. "किनाऱ्यावरची पोर ही, हिला डोंगराचा वारा काय कळतोय? तंगड्या सुकायच्या सोडून सडतील," म्हणालात.

मंगळवारी काकांनी सवयीने शिखराकडे पाहिलं. बर्फ लखलखत होतं, ढगाचा ठिपकाही नव्हता. "वारा कोरडा आहे, उघड सगळ्या," म्हणाले. पण मी माळ्यावर गेले तर नाकात बापाच्या होडीचा वास शिरला. खालून समुद्राचा ओला वारा वर येत होता. मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

"मासळीवालीला इथेही मासळीचाच वास येतो," काका गल्लीभर सांगत सुटले.

दुपारी जेवून गाव खिडक्या उघड्या टाकून झोपलं आणि धुकं चढलं. लोक उठेपर्यंत घराघरातल्या तंगड्या ओल्याचिंब, आता त्यांवर बुरशी आलीय. आपल्या कोरड्या ठणठणीत आहेत.

आज सकाळी काका दारात उभे, टोपी हातात, शिखराकडे पाठ. "विर्तुदेस, जरा वास घे बरं. उघडू का?"

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, तुम्ही घरी आलात की वाचून दाखवीन. हे ऐकताना तुमचं तोंड कसं होतं, ते मला समोर बसून बघायचंय.

तुमची मासळीवाली सून,
विर्तुदेस