तीन मिनिटांचं घड्याळ

प्रिय बारके,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर तू हे पत्र न फोडताच खणात टाकशील, म्हणून पत्ता टपाल कचेरीतल्या बाईंकडून लिहून घेतला. हात दुखतोय का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आता फसून फोडलंच आहेस तर वाच. गेल्या सहा वर्षांत तुझ्याकडून माझ्या वाढदिवसाला सहा कार्डं आली. सहाही कार्डांवर फुलं आणि आत नुसती सही. मला फुलांचं कौतुक कधीच नव्हतं हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणजे कार्डं तू विचार करूनच निवडतेस. माझ्या घरापासून तुझं घर वीस मिनिटांवर आणि आपल्यात टपालाचं तिकीट. असो.

आधी बातमी सांगते, म्हणजे माझा संताप जरा निवेल. आपल्या चर्चच्या मंडळीत नवी पाळकबाई आली आहे. वय बत्तीस, पायात खेळाडूंचे बूट, आणि दिसेल त्याला ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारायची खोड. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला गुडघ्यांत वाटतं. ती हसली! आपल्या शाळेत सिस्टरसमोर असं काही बोललो असतो तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं असतं. या बाईने गेल्या रविवारी, सगळ्यांच्या देखत, माझं वाळूचं घड्याळ टेबलावरून उचललं आणि कपाटात ठेवलं. आज याची गरज नाही, म्हणाली. जसं काही मी उष्टा कपच टेबलावर विसरले होते.

ते घड्याळ कुठून आलं हे तुला माहीत आहे, पण माझी बाजू मांडायची तर पहिल्यापासूनच सांगते. टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी एकोणतीस वर्षं काढली. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं भरली की आम्ही मध्ये बोलायचं: तीन मिनिटं झाली, वाढवायचं का? समोर रडारड चालू असो, मुलीचं लग्न जमत असो, कुणी गेल्याची बातमी असो, आधी विचारायचं, मगच हात लावायचा. एकोणतीस वर्षांत न विचारता मी एकही कॉल तोडला नाही. निवृत्त झाले तेव्हा पोरींनी थट्टेने ते वाळूचं घड्याळ दिलं, बरोब्बर तीन मिनिटांचं. म्हणाल्या, ताई, आता नवऱ्याला वापरा. नवरा वर्षभरात गेला. मग घड्याळ चर्चमध्ये नेलं.

तिथे त्याची गरज होतीच. उपासनेनंतर मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडून आपण मननाला बसतो ना, त्या दिवशीचं शुभवर्तमान पुन्हा एकदा वाचून, तिथे पूर्वी काय गोंधळ चालायचा आठव. सुतारकाका आणि जुने खजिनदार बाप्तिस्म्याच्या पाण्यावरून पाऊण तास भांडले होते आणि सुतारकाकांनी स्वतः दुरुस्त केलेली खुर्ची स्वतःच मोडली होती. त्यानंतर नियम मी केले. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं. कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, सल्ला तर नाहीच. वाळू संपली की मी कपावर चमचा वाजवणार आणि पाळी पुढच्या खुर्चीकडे जाणार. चांगले नियम होते. लोक नीटनेटके बोलायला लागले. रडणंही तीन मिनिटांत बसवायला शिकले.

आता आम्ही एकोणीस जण उरलो आहोत. गीतांचे क्रमांक लावायच्या पाटीचे साताचे सगळे आकडे हरवले, तेव्हापासून सात आकडा असलेली गीतं आम्ही गात नाही. पहिल्या बाकाखाली ओल आली आहे. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या बोटांत संधिवात शिरलाय, त्यामुळे आनंदाचं गीतसुद्धा अंत्यविधीच्या चालीने निघतं. पापकबुली मात्र सगळे एका दमात म्हणतात. विचाराने, शब्दाने, कृतीने चुकलो, करायला हवं होतं ते केलं नाही. किराण्याची यादी वाचावी तसं. सगळ्यांत मोठा आवाज माझा असतो. घोळक्यात बोलायला कबुलीइतकं सोपं दुसरं काही नाही. आपला आवाज कुठला ते देवालाही शोधावं लागत असेल.

पेंटेकॉस्टच्या रविवारी मुलांचं दृढीकरण झालं, बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेलं वचन मुलांनी आता स्वतःच्या तोंडाने दिलं. तीन जणं होती, तिघंही पंधरा वर्षांची. झग्यांना इस्त्री मीच केली. कपाटात त्या मापाचे चार झगे आहेत. चौथ्यालाही करून ठेवली. कशासाठी, असं पाळकबाईने विचारलं नाही, आणि हा एक गुण मात्र मी तिच्या खात्यावर मांडते. मुलं वेदीपाशी गुडघे टेकून बसली तेव्हा डावीकडच्या मुलीच्या पलीकडे एकीपुरती जागा मोकळी होती. ती कुणी मुद्दाम सोडली नव्हती. मुलं कशी बसतात तुला माहीत आहे. पण मी तिकडेच बघत राहिले आणि आशीर्वाद कधी झाला ते मला कळलंच नाही.

तर गेल्या रविवारी तोच पाठ आला. सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो, माझी मुलगी मरायला टेकली आहे म्हणतो, येशू निघतो आणि वाटेत एका आजारी बाईपाशी थांबतो, आणि तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. आपल्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं. तीन वर्षांपूर्वी हा पाठ आला तेव्हा मी सर्दी झाल्याचं कळवून घरी बसले होते. नाक ठणठणीत होतं. या वेळी वाचनाची पाळीच माझी लागली होती. वाचलं. शाळेत शिकवलं तसंच, पाठ ताठ, शब्द मोकळा. ऑर्गनवाल्या बाई नंतर म्हणाल्या, किती सुंदर वाचता हो तुम्ही, अगदी रेडिओसारखं. त्यांना काय उत्तर दिलं ते लिहीत नाही, पण त्या आता माझ्याशी बोलत नाहीत.

मग मागच्या खोलीत मननाला बसलो, आणि तिथेच ते घड्याळ उचलण्याचं नाटक झालं. माझा चेहरा लाल झाला असणार. पहिली पाळी शिंप्याची. त्याची बायको सहा महिन्यांपूर्वी गेली, तू तिला ओळखायचीस, आपल्या दोघींच्या शाळेच्या गणवेशांना काजं करायची ती. एरवी हा माणूस टाके मोजावेत तसा मोजून बोलतो. त्याने बोलायला सुरुवात केली आणि थांबेचना. दवाखान्यातली खुर्ची, तिच्या पायातले मोजे, त्याने घरून नेलेला चुकीचा चष्मा. माझी नजर पुन्हा पुन्हा टेबलावरच्या मोकळ्या जागेकडे जात होती. भिंतीवरच्या घड्याळात मोजलं, अकरा मिनिटं. माझ्या हातात चमचा होता, पण आता तो कशाच्या बळावर वाजवायचा? तो गप्प झाल्यावर पाळकबाईने माझा नियम सरळ मोडला. आणखी काही सांगायचंय का, असं त्याला विचारलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, नाही, एवढंच होतं, बरं वाटलं. बारके, तो नुसता एवढंच म्हणाला, आणि मी हातातला चमचा बशीत ठेवून दिला.

माझी पाळी आली. कागदावर टिपणं काढून नेली होती, विश्वास आणि धीर, तीन मुद्दे. मी म्हटलं, आज माझं काही नाही. सुतारकाका मोठ्याने म्हणाले, ताईंना बरं नाही वाटतं, कुणीतरी घरी सोडा. मला बरं आहे, असं खेकसले आणि चालत घरी आले.

सहा वर्षांपूर्वीचा, याच पाठाचा तो रविवार तुझ्या लक्षात नसेल असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. तू खिडकीपाशी बसली होतीस, सायकली लावतात त्या बाजूला, निळा स्वेटर घालून. तुझ्या छोटीला जाऊन पाच महिने झाले होते. तू मननात कधी बोलायची नाहीस, पुढच्याकडे पाळी द्यायचीस. त्या दिवशी बोललीस. म्हणालीस, तो वाटेत थांबला याचं सगळे कौतुक करतात, पण मला घरात बसलेली आई दिसते. तिला वाटेतलं काही माहीत नाही. ती दाराकडे बघतेय, निघालाय म्हणाले, मग अजून का आला नाही. त्या दिवशी मी पण… एवढं म्हणालीस आणि मी कपावर चमचा वाजवला. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, शाळेत तुझी बेरीज मी खोडून दुरुस्त करायचे तेव्हा पाहायचीस तसं. पुढची पाळी माझीच होती. मी विश्वास आणि धीर यावर बोलले. बाकीच्यांनी नियम पाळला, कुणी काही विचारलं नाही. तू चहा न घेता गेलीस आणि परत आली नाहीस.

तुझं ते अर्धं वाक्य मी सहा वर्षं पुरं करतेय. त्या दिवशी मी पण प्रार्थना केली. त्या दिवशी मी पण दाराकडे बघत होते. भांडी घासताना, झगे वाळत घालताना, एकेक शेपूट लावून बघते. पण शेपूट एकच आहे, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्या दिवशी मी पण ताईला फोन केला होता. रविवार, सकाळचे पावणेनऊ. तुझा नवरा बोटीवर, गाडी माझ्याकडे. ताई, छोटीचं अंग फार तापलंय, नीट बोलतही नाहीये, येतेस का? मी चर्चच्या किल्ल्या हातात घेऊन उभी होते. म्हटलं, मुलांना ताप येतोच. ओली पट्टी ठेव, उगाच घाबरू नकोस, उपासना झाली की येते. तू बरं म्हणालीस. तू जन्मभर ताईचं ऐकत आलीस. उपासना झाली, मग मनन झालं, मग खुर्च्या लावल्या. मी तुझ्या दारात आले तेव्हा साडेअकरा होत होते आणि शेजारी तुम्हा दोघींना नुकतेच कुणाच्या तरी गाडीतून घेऊन गेले होते. नऊ वर्षांची पोर. मंडळीत मी सगळ्यांना सांगितलं की डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टर असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. मी तेवढा शब्द बदलला, आणि तू शेजारी उभी असून ते ऐकून घेतलंस.

पाळकबाईवर मी चार पानं रागावले, आता ते पुरे. घड्याळ काल तिने परत दिलं, घरी ठेवा म्हणाली. मी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलटं केलं आणि तू बोललीस तेवढी वाक्यं तशीच म्हणून पाहिली, तुझ्या संथपणाने, मध्ये थांबत. वरच्या भागात निम्म्याहून जास्त वाळू उरली. पण हे मला काल कळलं असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. त्या दिवशी घड्याळ माझ्यासमोरच होतं. तुझी तीन मिनिटं झाली नव्हती, बारके. पुढे माझं नाव येणार हे मला दिसलं आणि मी कॉल तोडला, न विचारता. म्हणून आता विचारते: वाढवायचं का? येत्या रविवारी सकाळी पावणेनऊला मी तुझ्याकडे यायला निघते. उपासना झाल्यावर नाही, उपासनेच्या वेळी. मंडळीने मी नसल्याची सवय करून घ्यायला हरकत नाही. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर ते वाक्य माझं नाव घालून पुरं कर, हवा तितका वेळ घे. न उघडलंस तर मी पायरीवर साडेअकरापर्यंत बसेन. तेवढा वेळ तू बसली होतीस.

उशिरा निघालेली, तरी तुझीच,
ताई