दाराशेजारचा हात

आई, तू गेल्याला इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी बोलायचं तर लिहावंच लागतं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिथले तरुण गुजराती सर कॉम्प्युटरला माणसांचे चेहरे आणि तळहात ओळखायला शिकवतात. फोटो दिला की यंत्र डोळ्यांमधलं अंतर, बोटांची लांबी, हाताच्या ठळक रेषा तेवढ्या वेचून ठेवतं आणि पुढे त्यावरून माणूस ओळखतं. ते बघताना तू आठवतेस. तुझा एकच फोटो आहे, मावशीच्या लग्नातला, आणि त्यातही पदर ओठांपर्यंत ओढलेला. मी पदर मागे घे म्हणून हट्ट धरला, तर डाफरलीस, "मना फोटू काय करस? मी शे ना आठे, माले देख!" फोटो कशाला, मी इथं आहे ना, मला बघ, असं तुझं म्हणणं.

राहिला तो हात. इथं डिंडोलीला आपली खोली बांधली तेव्हा तू दाराशेजारी हळदकुंकवाचा उजवा हात उमटवलास आणि पुढच्याच वर्षी गेलीस. कामाला निघताना मी रोज तिथं नमस्कार करतो. सरांना विचारून कॅमेरा घरी आणला, ठशाचा फोटो काढला. वाटलं, उद्या भिंत पडली तरी तुझं काहीतरी त्या यंत्रात राहील. पडताळायला दुसऱ्या कुणाचा हात हवा, म्हणून बायकोच्या हाताचा कुंकवाचा ठसा कागदावर घेतला.

दोन्ही ठसे यंत्राला दिले, तेव्हा सर पडद्याकडे बघून हसले. "काका, आ तो एक ज हाथ छे!" दोन्ही ठसे एकाच हाताचे, म्हणजे काकीचाच हात मी दोनदा आणला, असं त्यांना वाटलं.

घरी ती भाकरी थापत होती. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "दिवाळीला चुना दिला की आईंचा हात झाकला जायचा. तुम्ही रोज तिथं हात जोडता, मग जागा कोरी कशी ठेवू? मीच उमटवायचे." मला इतकी वर्षं वाटायचं, चुना देणारा तेवढी जागा सोडतो. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "पहिल्या वर्षी फार रडले होते हो."

यंदाही भिंतीला चुना दिला. ती कुंकवाची वाटी घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मी होकारार्थी मान हलवली. तिला सांगता आलं नाही ते इथं लिहितोय, आई. डोळे मिटले तरी तुझा चेहरा आता मला आठवत नाही.