तिसरा रस्ता, ३१.४ किलोमीटर

३ मार्च
आलो एकदाचा. खोली लहान आहे, पण गाडी खिडकीखालीच लागते, म्हणजे सोन्याहून पिवळं. कडे चढायला येणाऱ्या हौशी मंडळींना आणि त्यांच्या सामानाला इथल्या मुक्कामघरापासून कड्याच्या पायथ्याशी पोचवायचं, एवढंच काम. नोकरी पुतणीने लावून दिली. ती चार सोबत्यांबरोबर पायथ्याला तंबूत राहते. प्रत्येक फेरीचं मीटर वहीत टिपतो म्हणून मला मीटरकाका म्हणते. म्हणू दे. गाडी मला कुणी शिकवली नाही, पण तेवीस वर्षांत माझ्या वहीतला एक आकडा कुणी खोटा पाडलेला नाही.

४ मार्च
मोजणी झाली. डोंगरावरचा रस्ता ५८.२, धरणावरचा ६३.७. मुक्कामघराच्या मालकीणबाई म्हणाल्या, रस्ते दोनच. नकाशात मात्र घळीतून जाणारा तिसरा आहे. गाड्या धुणाऱ्या मेकॅनिकला विचारलं, तर म्हणाला, तिकडून जायचं तर जा, पण ती गाडी माझ्यापुढे आणू नका. कामचुकार माणसाला सबबीला काय तोटा.

६ मार्च
पाण्याचे कॅन घेऊन घळीतून गेलो. ३१.४. चांगला सव्वा तास वाचला. पुतणी म्हणाली, काका, इथल्यांना सात जन्मांत सापडला नसता. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. फक्त पाऊस नसताना डांबर ओलं आहे, आणि हाताला कोमट लागतं. वास फ्रीज बंद पडून आठवडा झालेल्या मांसाचा.

७ मार्च
तोच रस्ता, २८.९. टायरची हवा तपासली. येताना डोंगरावरून आलो, बरोबर ५८.२. म्हणजे मीटर ठीक. टायरवर गुलाबी, बुळबुळीत थर बसलाय. काडीने खरवडला तर शेंबडासारखी तार धरतो. रात्री जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं.

८ मार्च
२२.१. मडगार्डमधून पकडीने केसांचा पुंजका ओढून काढला. मुळाशी कातडं होतं, ओलं. टायरच्या खाचेत खडी अडकली म्हणून उकरली, ती दाढ निघाली. चांदी भरलेली. मेकॅनिकला दाखवली. त्याने हात लावला नाही. म्हणाला, आधीचा ड्रायव्हर हसला की अशीच चांदी दिसायची. पाईप गुंडाळून आत गेला.

९ मार्च
तिसऱ्या रस्त्यावर काट मारली. साबणाची अख्खी वडी संपवली. नखांतला वास जात नाही.

११ मार्च, दुपार
पुतणी कड्यावरून पडली. मांडीचं हाड बाहेर आलंय, रक्त थांबत नाही. डोंगरावरून दवाखान्यापर्यंत दोन तास— तेवढा वेळ नाही. तीच म्हणाली, काका, तुमच्या रस्त्याने घ्या. माझ्या रस्त्याने. घेतला.

३.१०
घळीत. इंजिन बंद पडलं. हँडब्रेक ओढलाय. दार उघडून पाहिलं, चाकं थांबलेली. मीटर ९.४ वर. हलत नाही.
दोन्ही बाजूंचे कातळ मागे चाललेत.

३.१४
मीटर खोटा नव्हता. चाकं फिरली तेवढंच त्याने मोजलं. बाकीचं अंतर रस्ताच गाडीला आत ओढत होता—
एवढे दिवस नुसती चव घेत होता. आज गाडीत रक्त—

काचेवर लाळ. वायपर चिकटला. कातळ आरशाला घासतोय— मऊ—
पुतणी विचारते, काका, अजून किती.
सांगायला आकडा नाही—
पुढे घळ मिटते. उघडते. मिट