गुलनारच्या नाकावरची पट्टी

गुलनार,

चहा समोवारवर आहे, पाव फडक्यात गुंडाळून ठेवलाय. खाऊन लगेच ताजरीशच्या दवाखान्यात ये. मी तुझा नंबर लावायला पुढे जाते आहे.

नाक सुबक करायच्या ऑपरेशननंतरची पट्टी काढून टाकायला डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. पण बाईसाहेबांना ती अख्ख्या गल्लीत मिरवायची होती ना! विचारपूस करायला अननसाचा डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकीने "नवं नाक मुबारक" म्हणावं म्हणून तू रोज नवी पट्टी चिकटवत राहिलीस. आता तिच्याखाली चीर पिकली आहे आणि तू ते लपवते आहेस. एका खोलीत झोपतो आपण बहिणी. उशीवर कितीही गुलाबपाणी शिंपड, वास मला येतोच.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आज पू काढून औषध सुरू केलं तर जखम भरून येईल. शुक्रवारपर्यंत थांबलीस तर आतलं मऊ हाड सडेल आणि नाकाचा शेंडा बसेल.

शुक्रवारसाठीच थांबली आहेस, माहीत आहे मला. म्हणून मुलाच्या आईला, अशरफ खानमना मीच फोन केला, "मुलीचं नाक पिकलंय, शुक्रवारी मुलाला घेऊन बघायला येऊ नका." त्या म्हणाल्या, "बरं, जपा तिला." दुसरा दिवस त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही. फोन ठेवला आणि भांडी घासली. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही.

शिव्या दवाखान्यात दे. पट्टीचं रीळ शोधत बसू नकोस, ते माझ्या पर्समध्ये आहे. नाक उघडं घेऊनच ये.

महरुख