टांग्याच्या मागच्या सीटवर

॥ श्री मनुदेवी प्रसन्न ॥

यावल,
दि. ६ जानेवारी २०२५

ती. अक्काच्या चरणी कमलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नको. सगळे जिवंत आहेत. बागेत केळीची कापणी चालू आहे, हे सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात.

फोन मी मुद्दाम बंद केला. मागच्या रविवारी तू नानांच्या कानाला फोन लावला, मी दहा वेळा नाना, नाना केलं, आणि शेवटी तूच सांगितलं की ते भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन उत्तर मागतो गं. दिवाळीत लकवा मारला तेव्हापासून तुझ्या नवऱ्याच्या तोंडून शब्द नाही. त्याच्या कानाला फोन लावायचा म्हणजे हात मोडलेल्या बाईला भाकरी थापायला बसवायचं. कागद उत्तर मागत नाही. तर तू हे त्यांच्या खाटेजवळ बसून मोठ्यानं वाच. त्या बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या ना, होळीपर्यंत घरात सारखं बोला, वाचा, शब्द सुटला तर याच दिवसांत सुटेल, पुढं कठीण. मग गप्प बसून कसं चालेल?

माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षर बघू नको, मजकूर बघ. रडगाणं लिहिणार नाही. सिनेमांचं लिहिते. नानांनी बारा वर्षं जत्रेच्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवलं, त्यांना दुसरं काय ऐकवू?

आमच्या पुनमनं, म्हणजे सूनबाईनं, मोठा टीव्ही आणला आहे. मोबाईल त्याला जोडते आणि रोज दुपारी एक सिनेमा लावते. परवाच्या सिनेमात हिरोईन केळीच्या बागेत पांढरं पातळ नेसून नाचली. घडांना मिठ्या मारत होती! अक्का, केळीचा चीक लागला की कपडा फेकावा लागतो, डाग मरेपर्यंत जात नाही. मी तिच्या नाचाकडे बघितलंच नाही, पातळाकडेच बघत बसले. दुसरा पोलिसांचा होता. तीन तासांत एक माणूस जेवला नाही. नुसते पळतात. तिसऱ्यात तर सगळंच अंधारात. नवरा कोण, चोर कोण, काही दिसेना. पुनम म्हणाली, आजकाल असंच काढतात, त्यात अर्थ असतो. मी म्हटलं, अर्थ असू दे, एक बल्ब लावायला काय झालं होतं?

नानांना नमस्कार. माया आहेच तुझी, ती फक्त अशी पत्रं वाचण्यात खर्च कर.

तुझी,
कमल

*

देवपूर, धुळे,
दि. १४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. सौ. कमल हिस, अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र मिळालं. तिळगूळ इथूनच घे. तुझ्यासारखीला गोड बोल म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून नुसता खा.

यांची तब्येत तशीच. उजवा हात उचलत नाहीत. खातात, पण बाहेर येत नाहीत. पिठाची गिरणी दीड महिना बंद ठेवली, मग मीच बटण दाबायला लागले. पट्टा चढवायला शिकले, जात्याच्या दगडाला टाकी लावायला अजून कारागीर बोलवावा लागतो. गिऱ्हाइकं नानांची चौकशी करतात. यांची खुर्ची गिरणीत माझ्या पाठीमागं मांडून ठेवली आहे, पण लोकांपुढं मुकं बसायला नको म्हणून हे खोलीतून पाऊल टाकत नाहीत. तेच मला जास्त लागतं. हा माणूस किती बोलायचा! दळणाला आलेल्या बाया घरी जायच्या विसरायच्या.

तुझं पत्र वाचलं तेव्हा तोंड भिंतीकडेच होतं. केळीच्या चिकाला मी एकटीच हसले. बल्बाचं वाचलं तेव्हा मात्र यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, कागदाकडे बघितलं. ओठ हलल्यासारखा वाटला. डास बसला असेल म्हणून मी जास्त मनावर घेतलं नाही.

तुझ्या झुलालरावांना नमस्कार. लिहीत राहा, एवढंच मागते.

तुझी,
अक्का

*

यावल,
दि. २० जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

डास नव्हता. तू भोळी आहेस. माणूस चिडला होता. सिनेमातला उजेड म्हणजे नानांच्या घरचा विषय. मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या लावून पडदा कसा पांढराशुभ्र करायचो, हे मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं आहे. आता माझ्या ध्यानात आलं. आपण अडीच महिने त्यांना गोंजारत बसलो. गोंजारून जनावर झोपतं, उठत नाही.

तर पुढचं नीट, हळूहळू, त्यांच्या तोंडाकडे बघून वाच.

नाना, तुमच्या मशीनचं फार कौतुक ऐकलं आयुष्यभर. आमची पुनम एक बटण दाबते आणि सिनेमा चालू होतो. पोळी लाटता लाटता दाबते. तुम्ही काय वेगळं करत होता? एक रीळ संपलं की तंबूत दिवा लावायचा आणि दुसरं चढवायचं, एवढंच ना? त्यालाही तुम्हाला एवढा वेळ लागायचा की आमची दाण्याची पुडी संपून जायची. माझ्या मते ते काम कोणालाही जमलं असतं.

काल भुताचा सिनेमा बघितला. लाइट गेली की भूत येतं. इथं आमची लाइट दिवसाकाठी चारदा जाते, एक भूत येत नाही. झोप मात्र छान लागली.

अक्का, रागावू नको. रागवायचं काम त्यांना दे. तू फक्त जीव लावून वाच.

तुझी,
कमल

*

धुळे,
दि. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. कमल हिस, आशीर्वाद.

तुला लाज कशी वाटत नाही गं? कोणालाही जमलं असतं, एवढं वाचलं आणि यांनी डाव्या हातानं चहाची बशी भिरकावली. फुटली. घशातून असा आवाज काढला की शेजारची कामिनी धावत आली. आजारी माणसाला असं बोलतात?

बशीचे तुकडे भरताना मी रडत होते. पण कमल, खोटं कशाला सांगू, आवाज तर आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्या उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे पत्र कोण लिहितं, त्यांना सांगा थांबू नका.

तेव्हा रागावले आहे, पण पाठव. पोटात माया ठेवून लिही.

अक्का

*

यावल,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

बशी माझ्याकडून घे, अर्धा डझन घेऊन येते. आवाज आला ना? बस.

आज एकाच सिनेमाचं लिहिते आणि हे चिडवायला नाही, खरंच डोकं फिरलं आहे माझं.

आपल्या शिरपूरकडच्या गावी जत्रेत तंबू लागला होता, आठवतं? मी बारा वर्षांची, तू सतरा. मधे दोरी, एकीकडे बाया, एकीकडे बापे. मशीनवर नाना होते, पण तेव्हा ते कोण आणि आपण कोण. टांगेवाल्याचा सिनेमा होता. टांगेवाला पुरात वाहून जातो, मरतो. त्याची बायको बांगड्या फोडू देत नाही. अनवाणी देवीचा डोंगर चढते, पायातून रक्त येतं. आणि लगेच पुढं वाजतगाजत लग्न! टांगेवाला फेटा बांधून नाचतो! बठ्ठा तंबू, सगळीच्या सगळी माणसं, उभा राहिला होता. टोप्या उडाल्या, म्हाताऱ्या बाया हात जोडून रडल्या. देवीनं नवरा परत दिला आणि दोघांचं पुन्हा लग्न लावलं. शेवटी बायको स्वतः टांगा हाकते आणि हसते. नवरा दिसत नाही, पण मी काय खुळी आहे? मागच्या सीटवर बसलेला असणार, म्हणून तर हसते.

तो सिनेमा पुनमनं काल मोबाईलमधून शोधून काढला. आणि काय बघते? लग्न आधीच होऊन जातं. मग पूर. मग डोंगर. मग एकदम टांगा. नवरा मेला तो मेलाच. टांग्याची मागची सीट रिकामी दाखवली, चांगली जवळून! मी म्हटलं, टीव्हीवाल्यांनी कापाकापी केली. पुनम म्हणाली, सिनेमा असाच आहे, आई. संध्याकाळच्या चहापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. नाना पडले त्याच आठवड्यात मी आडगावहून मनुदेवीपर्यंत अनवाणी गेले. पायांना फोड आले, यांना सांगितलं चप्पल तुटली. मला कोणत्या पोथीनं सांगितलं नव्हतं, त्या सिनेमानं सांगितलं होतं. बायको गेली, नवरा आला. मग आपण का जाऊ नये?

तेव्हा नाना, आता सरळ सांगा. मशीन तुमच्या हातात होतं. नवरा परत आला होता की नाही? मला मोबाईलचं ऐकायचं नाही, मशीनवाल्याचं ऐकायचं आहे.

अक्का, तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो मी आज वसूल करते. उत्तर घेऊनच लिही.

कमल

*

धुळे,
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कमल, माझे बाई, तुला किती आशीर्वाद देऊ?

बोलले. आधी तेवढंच वाच आणि खाली बस.

तुझं पत्र वाचत होते. अनवाणीचं आलं तेव्हा डोळे पुसायला थांबले. बघते तर यांचं सगळं अंग हलतंय. मला वाटलं दुसरा झटका आला. फोनकडे धावणार, तेवढ्यात दिसलं की हे हसतायत. डोळ्यांतून पाणी आणि डाव्या मुठीनं खाट बडवतायत. आणि म्हणाले, रीळ. स्पष्ट. पुन्हा म्हणाले, रीळ. मग तोंड वेडंवाकडं करून, घाम येईपर्यंत ओढून ओढून म्हणाले, उलटं. मी यांची मूठ धरली. तिकडं गिरणीत दळण संपलं, जातं रिकामंच फिरत होतं, दळणाला आलेली बाई हाका मारत होती. फिरू दिलं.

पुढचं आठ दिवसांत एक-एक शब्द करून जमवलं आहे. तू चिडू नको. कमल, नवरा परत आला नव्हता. यांनी रिळं उलटसुलट चढवली. लग्नाचं राहून गेलं आणि पुराचं आधी लागलं, मग सापडलं तसं लग्नाचं घुसवून दिलं. तंबूचे मालक भाईदासशेठ मारायला आले होते, पण टोप्या उडताना बघून म्हणाले, जत्रा संपेपर्यंत असंच चालव. पुढं चार दिवस तो टांगेवाला रोज मरून रोज उठत होता. हे यांनी आजवर कोणाला सांगितलं नाही. मशीनवाल्याची इज्जत!

मी विचारलं, तुमच्यासारख्या माणसाचा हात चुकला कसा? तर म्हणाले, पिवळं. एवढंच. दोन दिवस मी डोकं फोडलं. हळद दाखवली, पिवळी डाळ दाखवली, चिडून मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बोट केलं, पुन्हा म्हणाले, पिवळं. आणि मला आठवलं. त्या जत्रेत मी आईचं पिवळं पातळ नेसले होते. रीळ बदलायला तंबूत दिवा लागला, आणि हे रिळाकडे बघायचं सोडून दोरीच्या पलीकडे बघत होते.

पुढच्या वर्षी मला बघायला आले तेव्हा माझं नाव दोनदा विचारलं होतं, आठवतं? जसं काही जन्मात पाहिलं नाही! बेचाळीस वर्षं हा माणूस सारखा बोलत होता आणि हे एक बोलला नव्हता.

गुरुवारी हे आपणहून गिरणीत आले. काठी टेकत. लोकांसमोर.

तुझ्या पायांना तेल लाव. मायेनं नाही, हुकूम आहे.

अक्का

*

यावल,
दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का आणि ती. नाना, दोघांना शि. सा. न.

जिंकले! पत्र मी ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचलं. यांना बागेतून बोलावून घेतलं, हातापायांना चीक तसाच. गल्लीत घरोघरी केळीचे वेफर वाटले. पुनमनं विचारलं, मग आई, सिनेमा माझाच बरोबर निघाला ना? मी म्हटलं, गप, वेफर खा.

नाना, त्रेचाळीस वर्षं मी तुमचं उलटं रीळ गावभर सांगत फिरले. पुनमच्या साखरपुड्यात तिच्या आईला सांगितलं, ती रडली होती. आता कोणाकोणाला जाऊन सांगू की तो मेला? आणि एका पातळाकडे बघून एवढा गोंधळ! मशीन कोणालाही जमलं असतं म्हणाले होते, ते मागे घेते. तुमच्यासारखं चुकायला कोणालाही जमलं नसतं.

पण एक हिशेब अजून बाकी आहे. मी विचारलं होतं तुम्हाला, सांगितलं अक्कानं. नवरा परत आला की नाही, हे मला मशीनवाल्याच्या हातचं पाहिजे. उजवा चालत नसेल तर डाव्यानं लिहा, आपल्या अहिराणीत लिहिलं तरी चालेल. मी तिसरी शिकून एवढं लिहिते.

होळीला येते, बश्या घेऊन. तोवर माझ्यावरचा राग टिकवून ठेवा, तो गुणकारी आहे.

तुमची,
कमल

*

धुळे
८ मार्च

कमल,

तुना सिनेमा खरा शे.

गिरणी तुनी अक्का चालाडस. मी मांगे बठेल शे.

मोतीलाल (नाना)