शिपाई वाहिदच्या पायपट्ट्या परत मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान अंमलदार साहेब,
लष्करी सामान जमा कचेरी, लोणावळे

विषय : लोकरी पायपट्ट्यांची जुनी जोडी मयत शिपायाच्या आईस देणेबाबत.
संदर्भ : आपले उत्तर, ता. ३ जून १९१९.

महोदय,

१. अर्जदार उम्मेहानी, राजमहंमद भट्टीवाले यांची विधवा, राहणार कुसगाव, हिला लिहिता येत नाही. सबब तिच्या सांगण्यावरून हा अर्ज लिहिला आहे. चुरमुऱ्यांच्या भट्टीपुढे वीस वर्षे उभे राहून तिच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या व डाव्या घोट्यावर जखम झाली. सहा वर्षे दवाखान्याचे मलम झाले. रोज नवी पट्टी, रोज तेच पाणी. जखम काही हटली नाही.

२. दोन वर्षांमागे मुलगा वाहिद पलटणीतून रजेवर आला. त्याने जखमेवर उकळलेल्या जुन्या धोतराची घडी ठेवली आणि आपल्या पायपट्ट्या दोन्ही पायांना बोटांपासून गुडघ्यापर्यंत बांधल्या, खाली घट्ट, वर जरा सैल. म्हणाला, "अम्मा, सकाळी पाय खाली सोडायच्या आधी बांधत जा. मलमापरीस ह्येच बरं." जोडी ठेवून तो गेला. फेट्याचे कापड दुपारपर्यंत ढिले पडते. लोकर दिवसभर धरून राहते, आणि धुतली की पुन्हा कामाला येते. चार महिन्यांत जखम भरली. बांधणे सोडले नाही, म्हणून बरी राहिली.

३. गेल्या पावसाळ्यात वाहिद बसऱ्यास मयत झाला. मार्चात दवंडी पिटली की लष्करी सामान जमा करावे. शेजारी नथू म्हणाला, गप बसा मावशी. बाईने पट्ट्या धुऊन, घडी घालून स्वतः आणून दिल्या. सरकार मोजून घेईल आणि परत देईल, असा तिचा समज. खरेपणा अंगाशी आला, दुसरे काय!

४. तीन अर्जांनंतर आपले उत्तर आले की, शिपायाने जातीने हजर राहून मागणी करावी. सदर शिपायास बसऱ्यास मूठमाती दिली असल्याने त्याला येण्यास अडचण आहे. मृत्यूची तार सोबत जोडली आहे. पट्ट्या गेल्यापासून जखम पुन्हा उघडली; आता ती तळहाताएवढी असून हाड दिसते. बाईला फार भीती वाटते, हेही लिहा म्हणाली. येत्या सोमवारी, ता. २३ रोजी, डावा पाय गुडघ्यापासून खाली कापणे ठरले आहे.

५. तरी त्याआधी हुकूम व्हावा. उशीर झाल्यास पूर्ण जोडीची मागणी नाही. उजव्या पायापुरती एकच पट्टी द्यावी.

हुकुमाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
उम्मेहानी, निशाणी डावा अंगठा
दस्तुर कोंडाजी, अर्ज लिहिणार
ता. १७ जून १९१९